प्रश्न सोबत घेऊन जा

परदेशात जाऊन मानवी हक्कांचा कायदा शिकायचाय, असं घरी सांगितलं की लालबाग-परळच्या घरात पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे नक्की काय करणार?' डॉक्टर, इंजिनीअर, सीए यांचं काम सगळ्यांना ठाऊक असतं. कोर्टात उभा राहणारा वकीलही ओळखीचा असतो. पण जिनिव्हात किंवा लंडनमध्ये बसून हक्कांचं काम करायचं म्हणजे काय, त्याचा पगार कोण देतं, त्यातून इथल्या कुणाचं काय भलं होतं, हे समजावून सांगताना मुलांची दमछाक होते. घरच्यांचा प्रश्न वाजवी आहे. ज्यांना त्यासाठी कर्ज काढावं लागणार, त्यांना तो विचारायचा पूर्ण अधिकार आहे. त्याचं सविस्तर उत्तर पुढच्या प्रकरणांत आहे. प्रस्तावनेत मला त्याआधीची गोष्ट सांगायची आहे. ही वाट आपल्याला नवी नाही. शंभराहून अधिक वर्षं ती याच वस्तीतून जाते आहे. आणि ज्यांचं जाणं कामी आलं, ते सगळे इथला एखादा प्रश्न सोबत घेऊन गेले होते.

सुरुवात गिरगावातून करता येते. बायकोने नांदायला यावं म्हणून दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. कळत्या वयात त्यांनी जायला साफ नकार दिला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी बजावलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. लंडनच्या 'टाइम्स'ने त्यांचं पत्र छापलं आणि हिंदुस्थानातल्या बालविवाहावर इंग्लंडात चर्चा सुरू झाली. पुढे तडजोड झाली, रखमाबाई लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे या खटल्याने उठवलेलं वादळ होतं. मानवी हक्क हा शब्दही तेव्हा प्रचारात नव्हता. तरी माझ्या लेखी या क्षेत्रातलं इथलं पहिलं मोठं प्रकरण हेच.

दुसरं नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी असतं. लोअर परळला उतरून ऑफिसला जाणारी गर्दी ना. म. जोशी मार्गावरून जाते. जुने लोक अजून डिलाईल रोडच म्हणतात. नारायण मल्हार जोशी कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे सदस्य. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालयं चालवली. १९१९ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते हेच जोशी.

त्या परिषदेने पहिला करार केला तो कामाच्या तासांचा, दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. हिंदुस्थानसाठी मात्र वेगळं कलम घातलं गेलं: आठवड्याला साठ तास. आज ते वाचताना राग येतो, आणि यावाही. पण १९११ च्या कायद्याने त्या वेळी कापड गिरणीत बारा तासांची पाळी चालत होती, हेही ध्यानात ठेवावं लागतं. १९२० च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला आणि मालकांना दहा तास मान्य करावे लागले. जुलै १९२१ मध्ये हिंदुस्थानने वॉशिंग्टनच्या कराराला मंजुरी दिली, आणि १९२२ च्या दुरुस्तीने फॅक्टरी कायद्यात आठवड्याला साठ तास व दिवसाला अकरा तास ही मर्यादा आली. गिरणगावातल्या संपाने मिळवलेलं सगळं त्या कायद्यात उतरलं नाही. पण जे उतरलं ते देशभरच्या कारखान्यांना लागू झालं. आंतरराष्ट्रीय कायदा कुठवर पोचतो आणि कुठे तोकडा पडतो, दोन्ही या एकाच उदाहरणात दिसतं. शिकवायचं झालं तर मी पहिल्या तासाला हेच शिकवीन.

त्याला एक जोडगोष्ट आहे. कामगारांचा प्रतिनिधी सर्वांत प्रातिनिधिक कामगार संघटनेच्या संमतीने निवडावा, असा त्या परिषदेचा नियम होता. पण देशभरची अशी संघटनाच आपल्याकडे नव्हती, म्हणून जोशींना सरकारने नेमलं होतं. ती उणीव भरून काढायला ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते. जोशी पुढे अनेक वर्षं तिचे सरचिटणीस राहिले. एका परदेशी परिषदेच्या नियमामुळे इथे संघटना बांधली गेली, हे आपण फारसं सांगत नाही.

परळचा दामोदर हॉल याच सोशल सर्व्हिस लीगचा. कामगार रंगभूमीचं घर म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. ९ मार्च १९२४ रोजी त्याच हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली सभा भरली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. बाबासाहेब तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत. प्लेगनंतर शहर सुधारायला नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेली ती चाळ, दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. सिडनहॅममध्ये प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची पदवी आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी घेऊन ते परळला आले आणि जुलै १९२३ मध्ये त्यांनी वकिलीची सनद घेतली.

या शिक्षणाचा उपयोग कुठे झाला? एक उपयोग महाडच्या दिवाणी कोर्टात झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडला होता. दादरला पोर्तुगीज चर्चजवळचा बोले मार्ग त्यांच्याच नावाचा. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना पाठ असतो, पण त्यानंतरचा खटला फार थोड्यांना माहीत असतो. तळं खासगी आहे, असा दावा महाडच्या सवर्णांनी लावला आणि डिसेंबर १९२७ मध्ये मनाई हुकूम मिळवला. तो प्रश्न निकाली निघाला १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात. जवळपास दहा वर्षं लागली. वादींचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. ती तशी असल्याचं त्यांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून ते हरले. समतेच्या मोठ्या तत्त्वापेक्षा तिथे पुरावा निर्णायक ठरला: तळं कुणाच्या मालकीचं, वहिवाट किती जुनी, आणि ती सिद्ध करायची जबाबदारी कुणाची. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा निकाल मिळवून वाचावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. अस्पृश्यांच्या वतीनेही असं काही करता येईल का हा विचार त्यांच्या मनात होता, आणि त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. डुबॉइस यांचं उत्तर जुलैअखेर आलं. मानवी हक्कांचा जाहीरनामा यायला तेव्हा दोन वर्षं होती. १९६५ मध्ये वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या व्याख्येत वंश आणि वर्णाबरोबर कुळावरून होणारा भेदही आला, आणि तो यावा ही सूचना भारताचीच होती. पुढे १९९६ मध्ये, या कलमात जात येते असं कराराच्या समितीने भारताला सांगितलं, तेव्हा भारत सरकारने ते मान्य केलं नाही. २००१ मध्ये दलित कार्यकर्ते हा वाद डर्बनच्या जागतिक परिषदेत घेऊन गेले. २००२ मध्ये समितीने आपली भूमिका लेखी मांडली. सरकारचा नकार मला तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या आणि मुंबईत वाढल्या. त्या वकील नाहीत. मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्र शिकून त्या अमेरिकेला गेल्या होत्या.

वकिलीची पदवी नसलेल्या आणखी एका बाईंचं नाव इथे यायलाच हवं. हंसा मेहता मूळच्या गुजराती, पण त्यांचं सार्वजनिक आयुष्य मुंबईत गेलं. पती डॉ. जीवराज मेहता परळच्या केईएम रुग्णालयाचे पहिले डीन. १९४७ मध्ये हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. एलिनॉर रूझवेल्ट सोडल्या तर आयोगावर त्या एकट्याच स्त्री सदस्य. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते, त्याजागी 'सर्व माणसं' आली ती त्यांच्या आग्रहामुळे. हा प्रसंग आता बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत हक्कांच्या अंमलबजावणीसाठी जो गट नेमला, त्याच्या त्या अध्यक्ष होत्या. नुसता जाहीरनामा काढून भागणार नाही, हक्क मोडला तर दाद कुठे मागायची ते ठरलं पाहिजे, यावर तिथे काम झालं. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला, विरोधात एकही मत न पडता. दाद कुठे मागायची हा प्रश्न मात्र अर्धा अजून बाकी आहे.

तो किती बाकी आहे ते विद्यार्थ्यांनी निघण्याआधीच समजून घ्यावं. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराला भारताने १९७९ मध्ये मान्यता दिली, पण व्यक्तीला थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार स्वीकारला नाही. त्यामुळे लालबागच्या माणसाला पोलीस कोठडीत मारहाण झाली तर त्याला त्या समितीकडे जाता येत नाही. छळाविरुद्धच्या करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण मंजुरी दिलेली नाही. उरतात विशेष प्रतिवेदक आणि समित्यांपुढे जाणारे संस्थांचे पर्यायी अहवाल. त्यातून सरकारला प्रश्न विचारले जातात, पण हुकूम निघत नाही. हुकूम हवा असेल तर पुन्हा आपलंच कोर्ट.

आणि आपल्या कोर्टाने या बाबतीत दिलेलं थोडं नाही. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांमधल्या स्त्रियांची स्थिती सर्वोच्च न्यायालयाला कळवली. त्यावर १९८३ मध्ये स्त्री कैद्यांसाठी वेगळ्या कोठड्या आणि अटक झालेल्यांना कायदेशीर मदत याबद्दलचे निर्देश आले. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. झोपड्या हटवायला महापालिकेला परवानगीही त्याच निकालाने दिली, हेही विसरू नये. हा निकाल आज परदेशातल्या वर्गांत शिकवला जातो. तिथे बसलेल्या मुंबईच्या विद्यार्थ्याला तो फुटपाथ कुठला, तिथली माणसं कामाला कुठे जायची, हे सांगता यायला हवं. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. त्या पीठावर न्या. सुजाता मनोहर होत्या, ऑक्सफर्डला शिकून मुंबईत वकिली केलेल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश.

आता एक गोष्ट जरा जवळून. चिंचपोकळीहून सात रस्त्याकडे जाताना आर्थर रोड तुरुंगाची भिंत लागते. २०१८ मध्ये विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या प्रकरणात लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयात या तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ वर वाद झाला. युरोपच्या मानवी हक्क कराराचं तिसरं कलम अमानुष वागणुकीला मनाई करतं. आरोपीला तशा जागी पाठवता येत नाही, हा मुद्दा होता. खोलीत उजेड किती, हवा खेळती आहे का, संडास कुठे, यावर तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. खिडकीतून किती प्रकाश येतो ते दिसावं म्हणून न्यायाधीशांनी बराकीचं चित्रीकरण मागवलं. भारताने ते पाठवलं, न्यायालयाचं समाधान झालं आणि १० डिसेंबर २०१८ रोजी प्रत्यार्पणाच्या बाजूने निकाल लागला. एका खिडकीपुरतं का होईना, लंडनच्या न्यायालयाने आपल्या तुरुंगात डोकावून पाहिलं. त्याच आवारातल्या बाकीच्या बराकींत क्षमतेच्या कितीतरी पट कच्चे कैदी दाटीवाटीने राहतात. त्यांच्या खिडकीचं चित्रीकरण कुणी मागवत नाही. या विषयात उतरू पाहणाऱ्याला मी सांगेन, तिसऱ्या कलमावरचे युरोपचे निकाल मन लावून शिका, ते इथल्या साध्या कैद्याच्या जामीन अर्जात कसे वापरता येतील ते बघा, आणि ते लिहायला परत या. निदान तिथे बसून इथल्या वकिलाला मसुदा पाठवा.

पैशांबद्दल आणि नोकरीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. इंग्लंडमध्ये एलएल.एम. एका वर्षाची असते. एसेक्स विद्यापीठ या विषयासाठी नावाजलेलं आहे. लुंड, लायडन, जिनिव्हा इथेही चांगले अभ्यासक्रम आहेत. खर्च मोठा असतो आणि नुसत्या कर्जावर हा अभ्यास करू नये, असं माझं ठाम मत आहे, कारण या क्षेत्रातले पगार ते कर्ज लवकर फेडू देत नाहीत. चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा पदवी मिळाल्याबरोबर अर्ज करायची घाई नको. जे. एन. टाटा एंडाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे आणि तिचं कार्यालय फोर्टातच आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून मात्र २०२२ मध्ये भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. जातीच्या प्रश्नावर परदेशात संशोधन करू पाहणाऱ्या मुलांसाठीच हे दार बंद व्हावं, हा अन्याय आहे. तो नियम बदलावा म्हणून लोकप्रतिनिधींकडे मागणी केली पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, आणि जिनिव्हा महाग आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना इंटर्नना विद्यावेतन देते. नोकऱ्या बहुधा मुदतीच्या कंत्राटावर असतात. इंग्रजीबरोबर फ्रेंच येत असेल तर दारं जास्त उघडतात. परदेशी एलएल.एम. मिळाली म्हणजे त्या देशात वकिली करता येते असं नाही, त्यासाठी तिथल्या परीक्षा वेगळ्या. परत येऊन शिकवायचं असेल तर एका वर्षाच्या पदवीची इथली मान्यता आधी तपासा. संस्था काढायचा विचार असेल तर परदेशी निधीचे नियम २०२० नंतर बरेच कडक झालेत, तेही वाचून ठेवा.

तयारी मात्र इथेच, आणि फुकटात होते. राज्य मानवी हक्क आयोगाचं कार्यालय सीएसएमटीसमोर आहे. विधी सेवा प्राधिकरणाला कच्च्या कैद्यांसाठी तरुण वकील हवे असतात. केईएमच्या केसपेपरवर जखमेची नोंद कशी होते, पंचनाम्यात काय सुटतं, साक्षीदाराचा मराठी जबाब इंग्रजीत जाताना त्याचा अर्थ कुठे घसरतो, हे ज्याने स्वतः पाहिलंय त्याचा अहवाल जिनिव्हात वेगळा उठून दिसतो. गिरणी गेल्यावर घरासाठी वर्षानुवर्षं अर्ज करणारी कुटुंबं अजून याच गल्ल्यांत आहेत. त्यांच्यापैकी एकाचं प्रकरण पहिल्या अर्जापासून शेवटच्या पत्रापर्यंत तारीखवार लावून पाहा. शिष्यवृत्तीच्या अर्जात 'हा विषय का निवडला' या रकान्यात तेच लिहा.

आणि पालकांना एक विनंती. मुलगी म्हणाली की मला हे शिकायचंय, तर तिला अडवू नका. कर्जाच्या फॉर्मवर सही करण्याआधी या पुस्तकातलं शिष्यवृत्तीचं प्रकरण तिच्याबरोबर बसून वाचा, अर्जांच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि ती परत आल्यावर तिच्याकडे पहिलं प्रकरण आपल्या चाळीतलं घेऊन जा.